एर्टिगामध्ये झोपायचं तर आधी सपाटी, मग हवा, गादी सर्वांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोलवर चालणारी एर्टिगा, नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. नवऱ्याची उंची ५ फूट १० इंच, बायकोची ५ फूट ३ इंच. डिसेंबरात भंडारदऱ्याला धरणाकाठी आणि पुढे कोकणात किनाऱ्याजवळ गाडीतच मुक्काम करायचा आहे. मागच्या दोन्ही रांगा दुमडून, वर हवेची गादी टाकून एक रात्र काढून पाहिली. कंबर धरली, मध्यरात्री खालून थंडी वाजली आणि पहाटे काचांवरून पाणी ओघळत होतं. आता जाड गादी घ्यावी, रात्रभर एसी चालू ठेवावा, की गाडीच्या छतावर बसणारा तंबू घ्यावा?

माझं काम गाड्यांत बसतील असे सुटे पलंग करून देण्याचं. त्यावरून आधीच सांगतो, या तिन्हींतलं काहीही इतक्यात करू नका. कंबर, थंडी आणि पाणी या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांची मुळं दोनच आहेत. अंगाखालची पातळी सारखी नाही आणि आतली हवा हलत नाही. जाड गादीने पहिलं दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही. एसीने काचांवरचं पाणी जाईल, पण त्या बदल्यात जिवाशी खेळ होईल. त्याबद्दल पुढे नीट लिहितो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही पाठीवर झोपता की कुशीवर, यावर गादीची जाडी ठरेल. गाडी सीएनजीची असती तर डिकीतल्या टाकीमुळे सगळं गणितच बदललं असतं. पावसाळ्यातला मुक्काम आणि डिसेंबरातला मुक्काम यांत हवेची व्यवस्था वेगळी लागते. आणि एर्टिगाच्या जुन्या-नव्या मॉडेलांत आतली मापं थोडी वेगळी आहेत, म्हणून खाली जिथे माप आहे तिथे माझ्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः टेप लावा.

आधी तिघांचा प्रश्न मिटवू. मोठ्या माणसाला आडवं झोपायला किमान ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदी लागते, आठ वर्षांच्या मुलीला ४५. तिघांची बेरीज १५५ ते १६५ सेंटिमीटर होते. एर्टिगाची बाहेरून रुंदीच १७३.५ सेंटिमीटर आहे. दारांची जाडी, आतली अस्तरं आणि मागच्या चाकांवरचे फुगवटे वजा केले की मागच्या भागात एक मीटरच्या आसपास जागा उरते. म्हणजे तिघं शेजारी-शेजारी झोपणं एखाद्या अडचणीच्या रात्रीपुरतं ठीक, पण आरामाचा मुक्काम म्हणून नाही. मुलीला पुढच्या दोन सीटवर आडवं झोपवायची कल्पना बरेच जण काढतात. मधे हँडब्रेक आणि गिअर येतात, वर स्टिअरिंग येतं, आणि रात्री गाडी हलवायची वेळ आली तर आधी झोपलेलं मूल उचलावं लागतं. तो मार्ग सोडून द्या.

माझं स्पष्ट मत असं की आई आणि मुलगी गाडीत झोपाव्यात आणि बाबांनी गाडीला लागून लहान तंबू टाकावा. दोघींना १०५ सेंटिमीटर पुरतात. शिवाय सर्वांत उंच माणूस बाहेर गेल्यामुळे लांबीचा प्रश्नही आपोआप सुटतो. झोपायच्या जागेची लांबी माणसाच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर जास्त हवी, कारण झोपेत पावलं पुढे झुकतात. ५ फूट ३ इंच म्हणजे १६० सेंटिमीटर, त्यांना १७० पुरे. ५ फूट १० इंच म्हणजे १७८, त्यांना १८८ लागतील, आणि तेवढी लांबी या गाडीत काढताना फार ओढाताण होते. भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर गावकऱ्यांनी चालवलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत, तिथे तंबू भाड्यानेही मिळतो. त्यामुळे नवीन काही विकत न घेता हा प्रयोग करून पाहता येईल.

कधी नवरा-बायको दोघंच गेलात आणि दोघांनाही आत झोपायचं असेल, तर उंच माणसाने डाव्या बाजूला झोपावं. डावीकडची पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून तिची पाठ पुढे झुकवता येते. ड्रायव्हरच्या सीटचं तसं करू नये, ती रात्री मोकळी आणि वापरता येईल अशीच राहिली पाहिजे. लहान गाडीत एकटा माणूस तिरका झोपून थोडी लांबी मिळवू शकतो, पण कागदावर कर्ण जितका लांब दिसतो तितका फायदा होत नाही, कारण खांद्यांची रुंदी कोपऱ्यात अडते. दहाएक सेंटिमीटर मिळाले तरी पुष्कळ. दोघं असताना तर तिरकं झोपणं बादच.

आता सपाटी. दुसऱ्या रांगेच्या पाठी दुमडल्या की वरवर पाहता सपाट दिसतात, पण त्यांना थोडा चढ राहतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मधे खाच राहते, आणि पुढच्या सीटच्या मागे पाय ठेवायचा खड्डा मोकळाच असतो. दोन अंशांचा उतार ऐकायला किरकोळ वाटतो. १८० सेंटिमीटर लांबीवर तो सहा सेंटिमीटरहून थोडा जास्त होतो. अशा उतारावर शरीर रात्रभर खाली घसरत असतं आणि कंबरेचे, मांड्यांचे स्नायू ते थोपवून धरत असतात. सकाळी कंबर धरते ती त्या कामाने. खाच नेमकी कंबरेखाली किंवा खांद्याखाली आली तर आणखी वाईट. हवेची गादी खाचेवरून पूल टाकते, पण उताराबरोबर स्वतःही उतरती होते, आणि दोघांतला एक हलला की दुसरा उचलला जातो.

यावर पक्का उपाय म्हणजे प्लायचा तीन भागांचा दुमडता पलंग. प्रवासात मुलगी दुसऱ्या रांगेत पट्टा लावून बसणार, म्हणजे दिवसा सीट उभ्या आणि पलंग डिकीत, संध्याकाळी सीट दुमडून पलंग उघडा, असं रोज करावं लागेल. म्हणून एकसंध मोठी फळी उपयोगाची नाही.

मापं चार घ्या. पहिलं, पुढच्या सीट पुढे सरकवून, त्यांच्या पाठीपासून बंद डिकीच्या दारापर्यंतची लांबी. हे माप जमिनीवर न घेता पलंगाचा पृष्ठभाग जिथे येणार त्या उंचीवर घ्या, कारण डिकीचं दार वर जाताना आत कलतं. दुसरं, मागच्या चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी. तिसरं, दुसऱ्या रांगेच्या दारांमधली रुंदी. चौथं, दुमडलेल्या दुसऱ्या रांगेच्या सर्वांत उंच बिंदूपासून छतापर्यंतची उंची. पलंग त्या सर्वांत उंच बिंदूच्या एक सेंटिमीटर वर यायला हवा, म्हणजे फळीचा भार सीटच्या पाठीवर न पडता पायांवर पडेल. गादी टाकल्यावर वर ८५ ते ९० सेंटिमीटर उरले तर लहानखुऱ्या माणसाला बसता येतं. त्याहून कमी उरत असेल तर कपडे बदलणंसुद्धा त्रासाचं होतं. म्हणूनच रुंदी वाढवण्यासाठी पलंग चाकांच्या फुगवट्यांच्याही वर उचलायचा मोह या गाडीत मी टाळतो. रुंदी थोडी मिळते, पण बसायची उंची जाते आणि रात्रभर अंगावर छत आल्यासारखं वाटतं.

फळीसाठी १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, आयएस ७१० छापाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा. ९ मिलिमीटरचा मधे झोळ खातो, १८ चा उगाच जड होतो. १८० बाय १०० सेंटिमीटरचा १२ मिलिमीटरचा पलंग पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि एका माणसाला काढता-घालता येतो. प्रत्येकी ६० सेंटिमीटरचे तीन तुकडे, मधे पूर्ण रुंदीभर जाणारी लांब बिजागरी. एका सांध्याची बिजागरी वरून आणि दुसऱ्याची खालून लावायची, तरच पलंग झेडच्या आकारात दुमडतो. सुताराला हे आधी सांगितलं नाही तर तो दोन्ही एकाच बाजूने लावतो आणि मग तिसरा तुकडा मिटतच नाही.

पाय सुटे-सुटे लावू नका. ते डगमगतात आणि गाडीच्या कार्पेटमध्ये रुततात. दोन इंच बाय एक इंच पट्टीच्या बुटक्या घोड्या, म्हणजे फळीला खालून आधार देणाऱ्या चौकटी करा, रुंदीभर जाणाऱ्या. १२ मिलिमीटरच्या प्लायला दर ४० ते ४५ सेंटिमीटरवर आधार हवा, म्हणजे अशा चार-पाच घोड्या लागतील. मागच्या घोड्या बुटक्या, पुढची सर्वांत उंच, कारण ती पाय ठेवायच्या खड्ड्यात उभी राहते. पुढच्या घोडीच्या पलीकडे फळी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर टोकावर कोणी बसलं की मागची बाजू उचलली जाईल. पुढच्या सीटच्या पाठीवर फळी टेकवायचा विचारही नको. घोडी आणि फळी एकमेकांना विंग नटच्या बोल्टने जोडा, म्हणजे पान्याशिवाय काम होतं.

दोन बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्यांच्यावर झोप अवलंबून असते. लाकडावर लाकूड घासून प्रत्येक कुशीला करकर आवाज येतो. घोडीच्या वरच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली की तो थांबतो. दुसरं, फळीला दर १५ सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरची भोकं पाडा. अंगातली वाफ गादीतून खाली जाते आणि थंड प्लायला लागून तिथेच पाणी होते. भोकं नसतील तर दोन-तीन मुक्कामांत गादीच्या पोटाला बुरशी धरते. कडा घासून गोल करा, भोकांच्या आतून सुद्धा वॉर्निशचे दोन हात द्या.

सुतार-बितार इतक्यात नको असेल तर तात्पुरता मार्गही आहे. पाय ठेवायचा खड्डा भाजीच्या प्लास्टिक क्रेटने भरा, क्रेट उलटा घालून वरची पातळी सीटच्या पाठीला जुळवा. पॅकिंगसाठी मिळतो तो पांढरा जाड ईपीई फोम दोन इंची घ्या, त्याच्या पाचरी कापून चढ आणि खाच भरा. गोधड्या-चादरींच्या घड्या घालून पातळी करायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. त्या पहिल्या तासाभरात दबतात आणि मध्यरात्री पुन्हा खड्डा होतो. भरायची वस्तू न दबणारी हवी, एवढं लक्षात ठेवलं तर जे हाताशी असेल त्यातून जमतं.

पलंग सपाट झाला तरी खालची जमीन सपाट हवीच. फोनमधलं लेव्हल ॲप फळीवर ठेवून बघा. डोकं पायांपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहिलं तर चालतं, बरं वाटतं. पाय वर आणि डोकं खाली अजिबात नको. कुशीचा उतार तर सर्वांत वाईट, मीटरभरात दोन सेंटिमीटरही जाणवतो. अशा वेळी खालच्या बाजूच्या चाकांसमोर दोन इंची फळी टाकून गाडी त्यावर चढवा. मग हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दगड, तिन्ही. डोकं पुढच्या सीटकडे ठेवा, डिकीकडे नको. खांद्यांना रुंदी लागते आणि ती दारांपाशी जास्त असते. पावलांना कमी जागा पुरते, ती फुगवट्यांच्या मधे मावतात. उघडायच्या काचा आणि आतून उघडणारी दारंही तोंडाजवळ येतात. म्हणून गाडी लावताना तिचं नाक चढाच्या बाजूला असू द्या.

गादीबद्दल आता थोडक्यात. पृष्ठभाग सपाट असेल तर ४० डेन्सिटीचा तीन इंची पीयू फोम पुरतो. कुशीवर झोपणाऱ्याला तीन इंच हवेतच, कारण खांदा आणि नितंब रुततात. मुलीला दोन इंचही चालतील. फोमच्या दुकानात मापाने कापून, तीन घड्यांत शिवून घ्या. खोळ सुती हवी, रेक्झीनची नको, घाम त्यावर साचून राहतो. तुमच्याकडची हवेची गादी फेकायची गरज नाही, पण ती थंड का लागली ते समजून घ्या. गादीतली हवा आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खालच्या गार पत्र्याकडे नेते. वरून कितीही पांघरलं तरी खालून थंडी येतच राहणार. घोंगडी अंगावर न घेता गादीच्या वर आणि अंगाच्या खाली अंथरा, फरक पहिल्याच रात्री कळेल. शिवाय हवेची गादी घरून फुगवून नेऊ नका. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि ती ताणली जाते, आणि पहाटेच्या गारव्यात आतली हवा आकसून ती ढिली पडते. मुक्कामी पोचल्यावर भरा, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासा.

पाण्याचा भाग लोकांना सर्वांत कमी कळलेला असतो. झोपलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला तीस-चाळीस मिलिलिटर पाणी हवेत सोडतो. दोघांचं रात्रभरात अर्धा लिटर होतं. हे पाणी बाहेरून येत नाही, तुमच्याच अंगातून येतं आणि सर्वांत गार पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर आणि पत्र्यावर, जमतं. काचा बंद करून जास्त पांघरुणं घेतली तर ते वाढेलच. त्यातच दमटपणाने पांघरूण ओलसर होतं आणि ओलसर पांघरूण ऊब धरत नाही, म्हणून मध्यरात्रीनंतर थंडी जास्त वाजते. दुसरा हिशोबही करा. एवढ्या गाडीत तीन-साडेतीन हजार लिटर हवा असते. झोपेत प्रत्येक जण तासाला बारा-पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. गाडी पूर्ण हवाबंद नसते हे खरं, पण काचा बंद असतील तर सकाळी डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, झोप झाली नाही असं वाटणं, हे त्यातूनच येतं.

उपाय साधा आहे. समोरासमोरच्या बाजूंच्या दोन काचा कर्णरेषेत, म्हणजे पुढची डावी आणि मागची उजवी, दोन-तीन सेंटिमीटर उघड्या ठेवा. एकच काच उघडली तर हवा आत येऊन फिरत नाही, शिरायला आणि निघायला दोन वाटा लागतात. दारांवर पावसाळी व्हायझर बसवलेले असतील तर रिमझिम पावसातही एवढी फट चालते. भंडारदऱ्याच्या डिसेंबरात रात्री पारा दहाच्याही खाली जाऊ शकतो, म्हणून फट बंद करायचा मोह होईल. तो आवरा. थंडीचा बंदोबस्त अंथरुणाने करा, हवेचा बळी देऊन नको. काचांच्या आतून चंदेरी बबल शीट मापाने कापून लावली तर काच कमी गार पडते आणि आडोसाही होतो. फक्त उघड्या फटीसमोर ती कापून मोकळी ठेवा.

डासांसाठी दाराला मोज्यासारखी चढवायची जाळी शिवून घ्या. साधं मच्छरदाणीचं कापड, दाराच्या चौकटीपेक्षा चार-पाच इंच मोठं, कडेला इलॅस्टिक. दार उघडून वरून चढवायची आणि दार लावायचं. काच आत खाली-वर होत राहते. चुंबकाच्या जाळ्या बाजारात मिळतात, पण दाराची चौकट प्लास्टिकने झाकलेली असेल तर त्या धरत नाहीत. पुढे कधी मे महिन्यात कोकणात गेलात तर काचा अर्ध्याच्या वर उघडाव्या लागतील आणि पंखा लागेलच. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-अवर असतात, प्रत्यक्षात पंचेचाळीस-पन्नास मिळतात. चार वॅटचा यूएसबी पंखा त्यावर अकरा-बारा तास चालतो. पंखा गाडीच्या बॅटरीवर लावून इग्निशन अर्धवट चालू ठेवू नका, सकाळी गाडी ढकलावी लागेल.

आता एसी. पेट्रोल असो, डिझेल असो की सीएनजी, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. याला अपवाद नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरच्या सांध्याला बारीक गळती असेल, मागे दगडी बांध किंवा दाट गवत असेल, वारा पडलेला असेल, तर तो गाडीखाली साचतो आणि आत येतो. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबून तो थांबत नाही. जाग्या माणसाला डोकेदुखी-मळमळ जाणवते, झोपलेल्याला काहीच कळत नाही. कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल ऊब यावी म्हणून आत घेणं हाही तोच धोका. विजेवर चालणाऱ्या गाडीत धूर नसल्यामुळे एसीचा प्रश्न वेगळा, पण तुमच्या गाडीला ती सूट नाही. आणखी एक, डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीच्या पठारांवर गुडघाभर गवत वाळून कोळ झालेलं असतं. गाडी लांबून आल्यावर खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, इतका तापलेला असतो की ते गवत पेटू शकतं. गवतावर गाडी लावू नका, मोकळी मुरमाड जागा बघा.

जागेचं थोडं आणखी. काळ्या मातीच्या शेतात रात्री पाऊस पडला तर सकाळी चाकं जागीच फिरतील. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दरडीच्या पायथ्याशी, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको. पहाटेचं ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून पुढची मोठी काच पूर्वेला करू नका, नाहीतर सात वाजताच भट्टी होते. कोकणात वाळूवर गाडी नेऊच नका. ओहोटीला टणक वाटणारी वाळू भरतीला चाकं धरते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पन्नासएक मिनिटं उशिरा, त्यामुळे काल सुरक्षित वाटलेली वेळ आज तशी राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं. किनाऱ्यालगतच्या एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात पैसे देऊन गाडी लावा. पाणी आणि संडास मिळतो, आणि मुलगी बरोबर असताना हे दोन्ही झोपेइतकेच महत्त्वाचे. भंडारदऱ्याच्या परिसराचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा रस्त्याकडेला कुठेही न थांबता गावातल्या परवानगीच्या जागीच मुक्काम करा.

बाहेर पडायची वाट झोपायच्या आधी तपासा. डिकीचं दार बहुतेक गाड्यांत आतून उघडत नाही, म्हणजे बाजूची दारंच खरी. मुलगी बरोबर असल्यामुळे मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ते रात्री काढलंच पाहिजे. गाडी रिमोटने बंद करू नका, आतल्या बटणाने करा. रिमोटने बंद केलेल्या गाडीचं दार आतून उघडलं की अलार्म वाजून सगळा कॅम्प उठतो. किल्ली एका ठरलेल्या जागी टांगा आणि बाबांनाही ती जागा दाखवून ठेवा. चपला गाडीखाली ठेवू नका, विंचू-सापाला तो आडोसा वाटतो. पिशवीत घालून आत ठेवा. खाण्याचे डबे घट्ट बंद, कारण वासाने उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात.

सामानाचा विचार आधी न केल्याने चांगला पलंगही फुकट जातो. सीट दुमडल्यावर तिघांच्या बॅगा जातील कुठे? मऊ बॅगा घ्या, कडक सुटकेस नको. मागच्या घोड्यांच्या मधे त्या सरकवता येतात, उरलेलं डावीकडच्या पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत. प्रवासात दुमडलेला पलंग डिकीत उभा न ठेवता आडवा ठेवा आणि पट्ट्याने बांधा. करकचून ब्रेक लागला तर पंधरा किलोचं लाकूड थेट मागच्या सीटवरच्या माणसाच्या मानेशी येईल.

सीट कायमच्या काढून पलंग बोल्टने जखडायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तोच मुद्दा आडवा येऊ शकतो. सुटा पलंग म्हणजे सामान, तो काढला की गाडी जशीच्या तशी.

छतावरचा तंबू घेण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत छतावर चालत्या गाडीत किती वजन चालतं ते बघा. असे तंबू बहुधा पन्नास किलोच्या पुढेच असतात, त्यात रॅकचं वजन वेगळं. घाटातल्या वळणांवर ते वजन सर्वांत उंच जागी असतं, आणि रात्री मुलीला बाथरूमला जायचं तर शिडी उतरावी लागते. तुमच्या कुटुंबाला आणि या गाडीला ते जुळत नाही. त्याच पैशात प्लायचा पलंग, फोम, जाळ्या आणि बाबांसाठी चांगला तंबू येऊन वर बरंच उरेल.

निघण्याआधी एक रात्र घराखालच्या पार्किंगमध्ये झोपून बघा. सकाळी तीन गोष्टी तपासा: गादीच्या खालच्या बाजूला हात लावून ओल आहे का, कोणती घोडी हलते, आणि अंधारात आतून दार उघडायला किती वेळ लागतो. वर सांगितलेली चार मापं घेऊन इथे लिहिलीत तर कोणती घोडी किती उंच आणि तुकडे किती लांब, ते सुताराला देता येईल असं काढून देईन.